रामनगरच्या लीलेत धोबी नाही

अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी महाराष्ट्रभर गणपती पाण्यात जात असतात, आणि त्याच वेळी काशीसमोर, गंगेच्या पूर्वकाठी रामनगरात रावण जन्माला येतो. तिथून पुढे एकतीस दिवस अख्खं गाव रामायण होतं. एखादा चौक अयोध्या, एखादी बाग जनकपूर, लांबवरचं मैदान लंका. नाशिककरांनी रागावू नये, पण तिथे एक पंचवटीही आहे. लीलेला विजेचे दिवे नाहीत, ध्वनिक्षेपक नाही. मशाली आणि गॅसबत्त्या. संवाद सुरू होण्याआधी लीला चालवणारे व्यास ‘चुप रहो, सावधान!’ अशी हाळी देतात आणि हजारो माणसांची कुजबुज एका झटक्यात विझते.

मी तिथे गेले होते ती धोबी शोधायला.

कुणी जुनी तिकिटं जमवतं, कुणी अडकित्ते. मी गेली काही वर्षं धुण्याची चित्रं जमवते आहे. नदीवरचं, हौदावरचं, मोरीतलं, दोरीवर वाळणारं, इस्त्रीखाली दबलेलं, कसलंही धुणं. सुरुवात गंमत म्हणून झाली. मग लक्षात आलं की जगभरच्या चित्रकारांना धुतलेलं कापड फार आवडतं, धुणाऱ्याचं मात्र काय करायचं हे त्यांना धड उमगलेलं नाही. आपल्याकडे धुणाऱ्याची सर्वांत गाजलेली भूमिका रामायणातली. ज्याच्या एका वाक्यापायी सीता वनात गेली, तो धोबी. रामायणाचं जगातलं सर्वांत लांबलचक नाटक रामनगरात होत असेल, तर त्याची गाठ तिथेच पडायला हवी, असा माझा साधा हिशेब होता.

हिशेब चुकला. रामनगरच्या लीलेत धोबी येतच नाही.

ही लीला तुळसीदासांच्या ‘रामचरितमानसा’वर चालते. रामायणी मानस गातात, पात्रं त्यातला प्रसंग बोलतात, आणि प्रेक्षकांतले कितीतरी जण मांडीवर पोथी उघडून टॉर्चच्या उजेडात ओळ न् ओळ ताडून पाहत असतात. मानसात सीतात्याग नाही. राम राजा होतो, रामराज्य येतं, उत्तरकांडात ज्ञान आणि भक्तीची चर्चा होते आणि ग्रंथ संपतो. त्यामुळे रामनगरात राजगादीच्या रात्रीनंतर पहाटेची आरती होते, महताबीच्या झगझगीत उजेडात राम-सीता शेजारी बसलेले दिसतात, आणि पुढचं कुणी विचारत नाही. वाराणसी जवळजवळ रिकामी होऊन त्या पहाटे इकडे लोटते. जी जोडी सुखात बसली आहे ती तशीच बघून घरी जायचं, हा त्या गर्दीचा हट्ट असावा.

गंमत म्हणजे वाल्मीकींच्या नावावरच्या उत्तरकांडातही धोबी नाही. भद्र नावाचा एक जण रामाला सांगतो की नगरात लोक असं असं बोलतात. लोक म्हणजे सगळेच. आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा भवभूती ‘उत्तररामचरित’ लिहितो, तेव्हा ती बातमी दुर्मुख नावाचा हेर आणतो. त्याच्याही तोंडी धोब्याचं नाव नाही. म्हणजे मुळात बोललं ते गाव. पुढे कधीतरी गावाने आपल्या तोंडचं वाक्य एकाच्या गळ्यात अडकवलं. ज्याच्या घरात सगळ्यांची मळकी गाठोडी येतात, ज्याला प्रत्येक घरातला डाग ठाऊक असतो, तो यासाठी सोयीचा होता.

पद्मपुराणाच्या पाताळखंडाला मात्र एवढ्यावर करमलं नाही. धोबी असं का बोलला, याची त्याने एक गोष्ट रचली. लहानपणी सीतेने पोपटांची जोडी पकडली. तिच्या आणि रामाच्या भविष्याची कथा ते पक्षी बोलत होते, म्हणून तिला ते हवे झाले. मादी गाभण होती. नराने विनवलं तरी सीतेने तिला सोडलं नाही. मादीने शाप देऊन प्राण सोडला, नराने गंगेत जीव दिला आणि तो अयोध्येत धोबी होऊन जन्मला. ही कथा वाचली तेव्हा मी थबकले. धोब्याच्या बाजूने कुणीतरी विचार केला होता, पण त्यासाठी त्याला आधी पोपट व्हावं लागलं. माणूस म्हणून त्याचं दुःख पुराणकारांना सुचलं नाही.

सिनेमाने पोपट गाळला आणि धोबी ठेवला. विजय भट्ट यांच्या ‘रामराज्य’मध्ये (१९४३) शोभना समर्थ सीता आणि प्रेम अदीब राम. गांधीजींनी पाहिलेला चित्रपट म्हणून त्याची आठवण निघते. त्यात बायकोवर संशय घेणारा धोबी आहे, आणि पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांपुढे हाच धोबी राहिला. चित्रातला, पडद्यावरचा धोबी कपडे कमी धुतो आणि बोलतो फार.

कृष्णकथेतही तेच. भागवताच्या दशमस्कंधात बलराम-कृष्ण मथुरेत शिरतात. कंसाचा धोबी रंगवलेले, धुतलेले कपडे घेऊन समोरून येतो. कृष्ण कपडे मागतो, तो उर्मटपणे नाही म्हणतो, आणि कृष्ण हाताच्या एका फटक्यात त्याचं शिर उडवतो. पुढच्याच वळणावर एक विणकर त्यांना ते कपडे नीट नेसवतो, सुदामा माळी हार घालतो, आणि दोघांना वर मिळतात. भागवताच्या चित्रपोथ्यांत हा प्रसंग रंगवलेला सापडतो. रंगीबेरंगी कपड्यांची विखुरलेली गाठोडी, धावणारे मदतनीस आणि मध्ये तो. विणणारा तरला, ओवणारा तरला, धुणारा मेला. मला नेहमी वाटतं, त्या बिचाऱ्याने राजाचे कपडे परक्या पोरांना दिले असते तर कंसाने त्याला काय केलं असतं?

आणि तरी, रामनगरच्या लीलेत धुणं आहे. केवटाचं. अयोध्याकांडात राम गंगाकाठी येतो आणि नावाडी अडून बसतो: आधी पाय धुणार, मगच नावेत घेणार. दगडाची बाई करणारी ती पायधूळ, तिने माझ्या नावेची बाई केली तर पोट कसं भरू? प्रेक्षक हसतात, रडतात, आणि कठवतीत पाय धुतले जाताना ‘जय’चा गजर होतो. ज्या काठावर खरी गंगा चार हातांवर वाहते आहे, तिथे हे पाहणं काही वेगळंच. पूर्वेकडच्या लोकगीतांतला केवट रामाकडून उतराई घेत नाही. न्हावी न्हाव्याकडून, धोबी धोब्याकडून मोल घेत नाही, तसे आपण दोघे एका धंद्यातले, असं तो म्हणतो. तेवढ्या एका वाक्यात धोबी रामाच्या पंगतीला बसतो. पाय धुणारा भक्त ठरतो आणि कपडे धुणारा खलपुरुष, यातला फरक मला त्या रात्री नीट कळेना.

तो कळला आजीमुळे.

आमच्याकडे परीट आठवड्यातून एकदा येई. चादरी, धोतरं, आजोबांचे सदरे मोजून जात, आणि वहीत मोडीसारख्या दिसणाऱ्या रेघांनी टिपले जात. परत येत तेव्हा प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात बिब्ब्याची बारकी खूण असे, दोन टिंबं आणि एक तिरपी रेघ. बिब्बा अंगाला उततो, पण कापडावर बसला की भट्टीलाही दाद देत नाही. शाई म्हणून त्यापेक्षा चिवट काही नाही. त्या घडीला आपण परीटघडी म्हणतो, आणि हा शब्द अजून कौतुकाने वापरतो. परीटघडीचा सदरा, परीटघडीचं धोतर. मराठीत दुसऱ्या कुठल्या बलुतेदाराच्या हाताला असं विशेषण मिळालं असेल तर मला ते आठवत नाही.

पण तेच परीटघडीचं लुगडं नेसून आजी देवघरात जात नसे. परटाने धुतलेलं स्वच्छ, पण सोवळं नाही. ते पुन्हा घरच्या विहिरीच्या पाण्यातून काढायचं, उंच वलणीवर काठीने टाकायचं, काठीनेच उतरवायचं, मध्ये कुणाचा हात लागू द्यायचा नाही. ज्याने डाग काढला त्याच्याच स्पर्शाचा डाग मग आणखी एकदा धुवायचा. लहानपणी मला ते फक्त जास्तीचं काम वाटे. आता वाटतं, रामायणातला धोबी तिथेच जन्मला असणार, आमच्या वलणीखाली. काशीच्या दुर्गाघाट-ब्रह्माघाटाकडच्या मराठी वाड्यांत पिढ्यान् पिढ्या हेच सोवळं पाळलं गेलं. फक्त विहिरीच्या जागी गंगा होती.

रामनगरच्या लीलेला रोज, न चुकता येणाऱ्यांना ‘नेमी’ म्हणतात. संध्याकाळी अंघोळ करायची, धुतलेलं धोतर नेसायचं, कपाळी गंध, कानात अत्तराचा फाया, हातात काठी आणि बसायला पाट किंवा चटई. दुर्गाकुंडाशी अशा नेमींना मी आपापलं धोतर आपणच पिळताना पाहिलं. मशालीच्या उजेडात ती पांढरी रांग फार देखणी दिसते. काशिराज हत्तीवरून किंवा बग्गीतून येतात, ‘हर हर महादेव’ होतं, आणि त्या सगळ्या पांढऱ्यावर एक लाट उठते. छायाचित्रकार तिथे तुटून पडतात. मीही काढली छायाचित्रं, लपवत नाही.

रामनगरचं आणि चित्रांचं नातं जुनं. राजा बलवंत सिंहांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर चुनारच्या दगडात किल्ला बांधला. उदितनारायण सिंहांच्या काळात लीलेला आजचं भव्य रूप येऊ लागलं, आणि मानसाची शेकडो चित्रांची पोथीही त्यांनीच करवून घेतली. त्यांच्यानंतरचे ईश्वरीप्रसाद नारायण सिंह (१८३५ ते १८८९) यांच्या पदरी लालचंद आणि गोपालचंद हे कंपनी शैलीतले चित्रकार होते. कंपनी शैली म्हणजे साहेबाच्या डोळ्याला रुचेल असं, सावली-उजेड घातलेलं, देशी हातचं चित्र. तिचं मोठं गिऱ्हाईक होतं ‘जाती आणि धंदे’. साहेब विलायतेला परत जाताना हिंदुस्थानची आठवण म्हणून भिश्ती, न्हावी, सईस, आया, खानसामा आणि धोबी यांचा संच विकत घेई. कागदावर, अभ्रकाच्या पापुद्र्यावर, किंवा लखनौच्या मातीच्या बाहुल्यांत.

या धंद्याची वाट एका बेल्जियन माणसाने मोकळी केली. फ्रांस्वा बाल्थाझार सॉल्विन्स कलकत्त्यात आला आणि १७९०च्या दशकात त्याने हिंदूंच्या चालीरीतींची अडीचशे रंगीत कोरीवचित्रं काढली. त्यांत धोबीही आहे. पुस्तक आपटलं. पण देशी चितारी ती चित्रं पुढे ठेवून गिरवत राहिले. साहेबाने काढलेला धोबी देशी माणसाने साहेबासाठी पुन्हा काढला, असा तो प्रवास.

तंजावरात त्याच सुमारास आपले मराठी राजे दुसरे सरफोजी गादीवर होते. तिथल्या चिताऱ्यांनी काढलेले संच जोडप्यांचे असतात. मोची आणि त्याची बायको, कोष्टी आणि त्याची बायको, परीट आणि त्याची बायको. दोघं पांढऱ्या कोऱ्या कागदावर उभी. मागे ना नदी, ना दगड, ना आभाळ. त्याच्या हातात किंवा तिच्या डोक्यावर गाठोडं, एवढीच ओळख. मी असे बरेच धोबी पाहिले आणि एक गोष्ट खटकली: त्यांच्या चित्रांत पाणी नसतं. पाण्यात आयुष्य काढणारा माणूस कोरड्या कागदावर उभा केलेला. अभ्रकाच्या काही संचांत तर आणखी मजा. एका पुठ्ठ्यावर नुसता चेहरा रंगवलेला, आणि वरून ठेवायला पारदर्शक अभ्रकाच्या पट्ट्या, प्रत्येकीवर एकेका धंद्याचा पोशाख. पट्टी बदला, तोच चेहरा भिश्ती होतो, तोच धोबी. पोशाखांमागे माणूस एकच, हे त्या खेळण्याने नकळत सांगून टाकलं होतं.

जेम्स प्रिन्सेप १८२०मध्ये बनारसच्या टांकसाळीत आला आणि दहा वर्षं राहिला. ब्राह्मी लिपी वाचणारा तो हाच. ‘बनारस इलस्ट्रेटेड’मध्ये त्याने घाट काढले, मेळे काढले, रामनगरची रामलीलाही काढली. पायऱ्यांवर बारीक बारीक माणसं आहेत, ओणवी, पाण्यात गुडघाभर. त्यांतले अंघोळ करणारे कोण आणि धुणारे कोण, हे भिंगाने पाहूनही मला ठरवता आलं नाही. मला ते आवडलं. निदान ती ओली तरी आहेत.

या शंभर-दीडशे वर्षांच्या चित्रांत मला जे कुठेच सापडलं नाही, ते म्हणजे भट्टी. धोब्याचं खरं काम दगडावर होत नाही, रात्री होतं. कपडे आधी रेहच्या किंवा सज्जीच्या पाण्यात भिजवायचे. रेह म्हणजे पूर्वेकडच्या उसर रानांत जमिनीवर फुलून येणारी खारी माती. कुठे कुठे त्यात शेण-लेंडीही मिसळत. मग ते ओले कपडे तोंडापर्यंत उकळत्या पाण्याच्या हंड्यावर गोल रचायचे, मध्ये वाफेला वाट ठेवायची, आणि खाली रात्रभर जाळ. मळ सुटतो तो या वाफेने आणि खाराने. दगडावरची आपटणी हा फक्त शेवटचा हिशेब. त्यानंतर खंगाळणं, नीळ, तांदळाची खळ. पण नदीवरून नावेतून जाणाऱ्याला दिसते ती आपटणी, ऐकू येतो तो ‘सी-हॉ’ असा उसासा. मार्क ट्वेन १८९६मध्ये हिंदुस्थानात आला, तेव्हा ही माणसं कापडाने दगड फोडताहेत की काय, अशा अर्थाची थट्टा करून गेला. ती थट्टा अजून चालते. कुस्तीतल्या डावाला आपण धोबीपछाड म्हणतो, त्यातही तोच एक क्षण पकडला आहे. काशीच्या आखाड्यांत तो डाव रोज पडतो.

खार, मूत्र, वाफ, सगळीकडे युक्ती एकच. पाँपेईमध्ये वेरानियुस हिप्सायुस नावाच्या माणसाच्या धुलाईखान्यातला एक रंगवलेला खांब १८२०च्या दशकात सापडला, तो आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. त्यावर मुलं आणि माणसं टाक्यांत उभी राहून पायांनी कपडे तुडवताहेत. त्या टाक्यांत रोमन लोक शिळं मूत्र घालत, अमोनियासाठी. एक जण वेताची मोठी टोपली खांद्यावर घेऊन चालला आहे. तिच्यावर कापड पसरून खाली गंधकाची धुरी द्यायची. आणि टोपलीवर घुबड बसलं आहे, मिनर्व्हा देवीचं, या धंद्याच्या रक्षकदेवतेचं. त्याच गावात एका भिंतीवर कुणा टवाळाने व्हर्जिलच्या महाकाव्याची पहिली ओळ मोडून खरडलंय की मी युद्धाचं आणि वीराचं नव्हे, धुणाऱ्यांचं आणि त्यांच्या घुबडाचं गाणं गातो. एकतीस दिवसांच्या वीरगाथेत धोबी शोधणाऱ्या बाईला या टवाळाबद्दल माया वाटणारच.

इजिप्तमध्ये बेनी हसनच्या थडग्यांत चार हजार वर्षांपूर्वीचे धोबी आहेत. कापड पिळताना काठीला वेटाळून दोघांनी उलट दिशांना फिरवायचं, तो हात आजही ओळखू येतो. तिथे ते पुरुष आहेत. युरोपात धुणं बायकांकडे गेलं आणि चित्रही बदललं. शार्दँची धोबीण (१७३०चं दशक) कठवतीत हात घालून वळून पाहते आहे, आणि खाली एक पोरगं त्याच साबणाचे बुडबुडे काढत बसलं आहे. पुढे मिलेचं बुडबुडे उडवणाऱ्या मुलाचं चित्र पिअर्स साबणाने जाहिरातीसाठी उचललं, तेव्हा धोबीण गेली आणि बुडबुडा तेवढा राहिला.

माझं आवडतं चित्र दोमियेचं. पॅरिसमध्ये तो सीन नदीच्या बेटावर राहत असे. काठावरून जिना चढून येणारी एक धोबीण, एका हातावर ओल्या कपड्यांचं गाठोडं, दुसऱ्या हाताला मूल. मुलाची पायरी उंच आहे, म्हणून ती कमरेतून वाकली आहे. मागे पलीकडच्या काठावरचं पॅरिस उन्हात पिवळं झालंय आणि ही दोघं सावलीत काळी. चेहरा दिसत नाही. पण तंजावरच्या जोडप्याचा चेहरा दिसूनही जे कळत नाही, ते इथे पाठीच्या बाकावरून कळतं: ओल्या कापडाचं वजन.

देगाने पुढची तीस-एक वर्षं धोबिणी आणि इस्त्रीवाल्या काढल्या. क्लीव्हलँडच्या संग्रहालयाने २०२३मध्ये त्यांचं अख्खं प्रदर्शन भरवलं. त्याच्या गाजलेल्या चित्रात एक बाई दोन्ही हातांचा भार इस्त्रीवर टाकून ओणवी झाली आहे आणि शेजारची बाई बाटली हातात धरून मोठ्ठी जांभई देते आहे. धुण्याच्या चित्रांत जांभई येण्यासाठी १८८०चं दशक उजाडावं लागलं! देगा धनिक घरचा, त्याचे सदरे याच बायका इस्त्री करत. तरी त्याने त्यांना सुंदर करायचं टाळलं, याबद्दल मी त्याची बाकीची खडूस मतं माफ करते. पिकासोने १९०४मध्ये इस्त्री करणारी बाई काढली, निळी, हाडं वर आलेली. त्याच वर्षी तो मोंमार्त्रच्या ज्या खुराड्यात राहायला गेला, त्या इमारतीचं नावच ‘बातो-लाव्हवार’, म्हणजे धुण्याची नाव. सीनवर धोबिणींसाठी अशा नावा बांधलेल्या असत. आधुनिक चित्रकलेचा पाळणा म्हणून ती इमारत आज दाखवतात.

आपल्या आधुनिक चित्रकारांनी बनारस काढलं तेव्हा काय केलं? १९६०च्या सुमारास हुसेन आणि राम कुमार एकत्र तिथे गेले. राम कुमारांच्या चित्रांत घरं एकमेकांवर रेलली आहेत, घाट आहेत, करडं पाणी आहे, आणि माणूस कुठेच नाही. या चित्रांचं मला अतोनात वेड आहे. पण माझ्या संग्रहात ती बसत नाहीत. एवढ्या पायऱ्या आणि एकही कपडा वाळत नाही, हे त्या शहरात शक्यच नाही. नंतर रघुबीर सिंग यांचं रंगीत छायाचित्रांचं बनारस आलं, आणि मग पर्यटकांच्या कॅमेऱ्यांनी कसर भरून काढली. पायऱ्यांवर पसरलेल्या साड्यांचा फोटो काढल्याशिवाय आता कुणी काशीहून परतत नाही. मुंबईत महालक्ष्मीच्या पुलावर तीच गर्दी. खाली १८९०च्या सुमाराचा धोबीघाट, वर मोबाइल.

जाहिरातींनी तर धोबी पुरता पुसला. निर्माच्या पुडीवर पांढऱ्या झग्यातली मुलगी गिरकी घेते, सर्फवाली ललिताजी हिशेब शिकवते. पांढरेपणा आहे, बाई आहे, पण पाण्याने पांढरी पडलेली बोटं नाहीत. इस्त्री आणि बादली हे दोन्ही शब्द आपल्याला पोर्तुगिजांकडून मिळाले असं म्हणतात. साबण कुणी अरबांचा म्हणतं, कुणी त्यांचाच. परटाचा शब्द मात्र अस्सल आपला. विदर्भात वरठी, गोव्यात मडवळ, पूर्वेकडे बरेठा. उत्तर प्रदेशात धोबी अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्रात परीट इतर मागास वर्गात. राज्याची हद्द ओलांडली की तोच माणूस वेगळ्या रकान्यात पडतो, अभ्रकाची पट्टी बदलावी तसा.

धोब्यांनी स्वतःची चित्रं काढली नाहीत, पण ते नाचले. बनारस, गाजीपूर, आझमगड, जौनपूर या पट्ट्यात धोबिया नाच आहे. रणशिंग, मृदंग, झांजा, कमरेला घुंगरांचा पट्टा, आणि मध्ये एक जण कापडी-बांबूचा घोडा कमरेला बांधून नाचतो, ती लिल्ली घोडी. घेरदार पांढरे झगे गिरकीत फुलतात. मी एका लग्नाच्या वरातीत तो पाहिला. नाचणाऱ्यांचा पांढरा कपडा इतका पांढरा होता की मला हसूच आलं. इथे तरी पांढरं त्यांचं स्वतःचं होतं.

आणखी एक जण मला त्या प्रदेशात अनपेक्षित भेटला. धोबी वस्तीतल्या एका भिंतीवर देवांच्या तसबिरींशेजारी गाडगेबाबा! हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर ठिगळांची गोधडी. शेंडगावच्या परटाघरी १८७६मध्ये जन्मलेला डेबू उत्तर प्रदेशातल्या धोब्यांचा आज मोठा मानबिंदू आहे. लखनौच्या संगीत नाटक अकादमीच्या प्रेक्षागृहालाही ‘संत गाडगे जी महाराज’ यांचं नाव आहे. राजदत्त यांच्या ‘देवकीनंदन गोपाला’त (१९७७) डॉ. लागूंनी तो माणूस उभा केला, ते आपल्याला ठाऊक. पण त्या भिंतीपाशी पहिल्यांदाच जाणवलं: हजारो कपडे ज्या जातीने पांढरे केले, तिच्या या पोराने आयुष्यभर चिंध्या पांघरल्या. त्या चित्रात परीटघडी नाही.

आपल्याकडे धुण्याचा देव आहे, खरं तर. जनाबाईची सगळी कामं विठ्ठल करू लागला, दळण, शेणी वेचणं, आणि चंद्रभागेवर धुणंही. घराघरांतल्या कॅलेंडरवर मात्र जात्यावरचं चित्र आलं. खुंट्याला एक हात जनीचा, एक देवाचा. विठोबा लुगडं आपटताना कुणी छापला नाही. जातं घरात असतं, धुणं उघड्यावर, हे कारण असेल. किंवा आजीची वलणी.

माघात पुन्हा गेले. लीलेच्या दिवसांत फुगलेली गंगा आता ओसरली होती आणि शहरासमोर पूर्वकाठी वाळूचं लांबच लांब मैदान उघडं पडलं होतं. गेल्या काही वर्षांत घाटांवर साबण लावून धुण्याला प्रशासनाची मनाई आहे, धोब्यांसाठी शहरात आतल्या बाजूला हौद बांधले आहेत. काही तिकडे गेले, काही नाही. रामनगरच्या बाजूला वाळूवर एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची सून कपडे वाळत घालत होती. दोन बांबूंत एकमेकींना पीळ दिलेल्या दोन दोऱ्या. कपड्याचं टोक त्या पिळात खोचायचं, चिमटा लागत नाही, वारा कितीही सुटो. खाली वाळूवर साड्या, एकीला लागून एक, काठ सरळ रेषेत. सून वाकून एका साडीची सुरकुती तळहाताने बाहेर बाहेर ढकलत होती, कणीक थापावी तशी. मागे, नदीपार, राम कुमारांचं रिकामं शहर.

मी कॅमेरा काढला, दोन पावलं पुढे गेले, उन्हाच्या बाजूने. म्हाताऱ्यांनी मान वर केली.

“बहनजी, थोड़ा हटिए। छाया पड़ रही है।”

साडीच्या पदरावर माझी सावली पडली होती. मी बाजूला झाले.